विहीणबाईंनी बैठकीला आणलेल्या बायका

सोलापूर जिल्ह्यात आमच्या विहीणबाईंना आमंत्रण असलेली बैठक आजवर एकही झाली नाही, आणि त्या गेल्या नाहीत अशीही एक झाली नाही. या माझ्या लेकीच्या सासूबाई, मैंदर्गीच्या. आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडची म्हैस वळून बघते. कुठल्याही कार्यात शिरल्या की त्यांना आधी दिसतं ते कुणाला बोलावलं नाही ते. लेकीच्या लग्नात मी वरमाईचे पाय धुवायला तांब्या घेऊन ताटकळत उभी, तर वरमाय मांडवामागे आचाऱ्यांना आणि बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवत होत्या. "त्यांना काय पोट न्हाय? आपण जेवू की मागनं!" माझी माहेरची माणसं उपाशीपोटी पंख्याचा वारा खात बसली. मी महिनाभर धुमसत होते.

तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच कोवळी, आणि महिला मंडळाची अध्यक्ष. अंगावर कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये भाषण. शहराबाहेरच्या साखर कारखान्याजवळ दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत कोप्यांत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत राहतात. तिथं जाऊन मी ठणकावून सांगितलं, गरोदर बाईनं रोज पेलाभर दूध प्यावं आणि दुपारी डाव्या कुशीवर पडावं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दमून आलेल्या होत्या बिचाऱ्या, पण रीत सोडली नाही. मागून तोच म्हशीला वळवणारा आवाज आला, "विहीणबाई, पलंग पण पाठवून द्या की!"

त्याच थंडीत या टोळ्यांच्या आरोग्याबद्दल तालुक्याला बैठक भरली. मीही होते, अर्थातच पुढच्या रांगेत. नर्सनं दर मंगळवारी सकाळी अकराला कोप्यांवर जावं, असं ठरतच आलं होतं, तेवढ्यात दार उघडलं. विहीणबाई, आणि त्यांच्यामागे हात पाचटानं चिरलेल्या चार बायका.

"बाई, ही समितीची बैठक आहे," तालुक्याचे आरोग्य अधिकारी साहेब म्हणाले.

"मुलगी बघायला बसलाय, आणि मुलगीच बोलावली न्हाय व्हय?"

सगळे हसले, आणि हसल्यावर खुर्च्या द्याव्याच लागल्या. संगीता नावाची, सातवा महिना लागलेली, तेवढी उभी राहिली. "अकराला कोपीवर कुत्रं असतंय, सायेब. आमी पहाटं उसाच्या फडात जातो, दिवेलागणीला येतो. माझे पाय सुजत्यात, चक्कर येती. हितल्या दवाखान्यात म्हणत्यात, नाव गावाकडं हाय, तिकडंच जा. नर्सबाईला सांजच्याला धाडा. आन् आमचं काय ठरवायचं आसंल तर आमच्यातल्या दोघीजणी तरी बसवा."

साहेब माणूस चांगला. त्यांनी सगळं मान्य केलं आणि मंजुरीसाठी वर पाठवलं.

माघात संगीताला फडातच आकडी आली. उसाच्या ट्रॅक्टरवर घालून तिला शहरात नेलं. ती वाचली, पोटातली पोर वाचली नाही. मंजुरी आली ती गुढीपाडव्यानंतर. हार घातलेली दवाखान्याची गाडी, आत डॉक्टर, नर्स, औषधांची खोकी, आणि वेळही टोळीनं मागितली तीच, दिवेलागणीची. पण कारखान्याचा हंगाम संपून टोळ्या गावाला गेल्या होत्या. मोकळं रान, चुलींचे काळे डाग. ड्रायव्हरनं विचारलं, "अक्का, गाडी कुठं लावू?" विहीणबाई म्हणाल्या, "लाव कुठंबी."

आता पहिली टोळी उतरली की त्याच संध्याकाळी गाडी येते. नाव कुठल्या गावचं आहे, हे कुणी विचारत नाही. बैठकीत टोळीतल्या दोघी बसतात आणि साहेबांना दटावतातही. संगीता मात्र त्यांत नाही. तिच्या टोळीच्या मुकादमानं कर्नाटकातल्या कारखान्याचं काम धरलं, तेव्हापासून ती इकडे फिरकलीच नाही. विहीणबाई नव्यानं उतरलेल्या प्रत्येक बाईला तिच्याबद्दल विचारतात.

परवा गाडीपाशी बसलो होतो. औषधं घेऊन बायका पांगल्या. विहीणबाई म्हणाल्या, "तिकडच्या बैठकीला तिला कोण नेत असंल हो?"

"असेल की तुमच्यासारखी एखादी आगाऊ," मी म्हटलं.

एरवी मला चिमटा काढला असता. त्या संध्याकाळी कोप्यांतून उठणाऱ्या धुराकडे बघत बसल्या.

"कानडी येत न्हाय हो तिला," म्हणाल्या.