इजारदाराची लेक

माझी आजी मरेपर्यंत एकच सांगत होती, "माहा बाप इजारदार होता." इंग्रजांनी पडीत जमीन मोडायला आमचं अख्खं गाव ज्याला इजाऱ्यानं दिलं, तो. आजीची माय त्याच्या घरी दळण निवडायला होती. गाव हसायचं. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली निम्मी शाळा यावरून मारामारी करण्यात गेली.

म्हातारपणी तहसिलातून जुनं कोतवाल बुक काढून घेतलं. गावातले जन्म-मरण त्यात लिहिलेले असतात. आजीचा जन्म सापडला. बापाचा रकाना कोरा.

"झालं समाधान?" बायको म्हणाली.

"लिहिणारा काय तिथं उभा होता?"

मग ज्या वर्षी बीटीच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली आणि उभी कपाशी उपटून मी रिकामा बसलो होतो, त्या वर्षी इजारदाराची पणती पुण्याहून आली. घराण्याचा इतिहास लिहीत होती. आजीचं ऐकून ती हसली नाही. तिनं एक नळी काढली.

"आजोबा, यात थुंका. माझ्या बाबांची तपासणी झालीय. रक्ताचं नातं असेल तर जुळेल. फक्त आधी अर्धा तास काही खाऊ नका."

मी काही खाल्लं नाही. तंबाखू काय खाणं असते? महिन्यानं तिचा फोन आला, नमुना वाया गेला.

"जन्मभर भिंतीवर थुंकले, ते नाही गेलं वाया!" बायको म्हणाली.

दुसऱ्या खेपेला ती पोरगी अर्धा तास माझ्यासमोरच बसली. हात चुन्याच्या डबीकडे गेला की नुसती पाहायची.

होळीच्या आधी ती निकाल घेऊन आली. जुळलं होतं.

"तुमची आजी माझ्या आजोबांची सावत्र बहीण," ती म्हणाली, आणि बोटांवर पिढ्या मोजून हसायला लागली. "म्हणजे तुम्ही माझे भाऊ लागता!"

"अन् आजोबा म्हणून राह्यली होती," बायको म्हणाली. "घ्या, आता भाऊबीजेले लुगडं घ्या लागन."

मी उठून दारात गेलो आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा खाकरलो.

मग तिनं घराण्याचा मोठा कागद पसरला. इजारदाराच्या नावाखाली त्याची मुलं सरळ रेघांनी जोडलेली. तिनं बाजूला आजीचं नाव लिहिलं आणि तिथवर नुसते ठिपके काढत नेले.

"ठिपके काऊन?"

"त्यांचं लग्न झालं नव्हतं ना. तशी पद्धत आहे."

"लगन नाही झालं, पोरगी तर झाली का नाही?"

मी तिच्या हातातला पेन घेतला. कपाशीच्या ओळीत जिथं बी उगवत नाही, तिथं आम्ही पुन्हा टोबून ओळ सलग करतो. तसाच एकेक ठिपका धरून मधली जागा भरत गेलो.

"चालन?"

"चालेल, दादा."

बाकीच्या लेकरांपेक्षा आजीची रेघ जाड दिसते, जराशी वाकडीही. दिसू दे.