पाच रुपयांत गाऱ्हाणं

सिन्नरला माझी मुलगी ज्या शाळेत जायची, तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. एक मुलगी आत गेली की दुसरीने ते बाहेरून धरून उभं राहायचं. नव्या दारासाठी लोकवर्गणी काढायची ठरली. पण वर्गणी म्हटलं की लोक नेमके घरी नसतात, म्हणून मुख्याध्यापकांनी आनंद मेळावा ठेवला. मुलांनी खाण्याचे स्टॉल लावायचे, पालकांनी विकत घेऊन खायचं आणि जमेल ते दाराला.

वर सूचना आली की गॅस, शेगडी, तेल काहीही आणायचं नाही. परिणामी मैदानावर जिकडे बघावं तिकडे भेळ.

"एवढी भेळ कोण खाणार?" असं म्हणून चौथीतल्या माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने वेगळाच स्टॉल मांडला. एक बाक, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: 'गाऱ्हाणी ऐकून घेतली जातील. पाच रुपये. तीन मिनिटे.' मैत्रिणीच्या हातात घड्याळ होतं. मी शेजारच्या भेळेला कांदा चिरत होते. मान वर करायची मला लाज वाटत होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून नातवाला घेऊन आलेले एसटीतले निवृत्त कंडक्टर आजोबा बसले.

"काय बी सांगितलं तर चालंल?"

"हो. पण आम्ही फक्त ऐकतो. उपाय सांगत नाही."

"मंग ऐक पोरी. सगळी नोकरी माझ्या घंटीवर गाडी थांबली न् सुटली. आता घरात मी बोलाया लागलो तर टीव्हीचा आवाज बी कुणी कमी करत नाय."

"अरेरे," माझी मुलगी म्हणाली. "मग?"

हे 'मग' तिने इतक्या मनापासून विचारलं की आजोबांनी खिशातून आणखी पाच रुपये काढले.

अर्ध्या तासात रांग लागली. भेळेचे कागद हातात घेऊन लोक उभे होते आणि आपला नंबर कधी येतो ते पाहत होते. पिठाच्या गिरणीवाला येऊन गेला. एक बाई बसून नुसतीच रडली. ती पाणी प्यायली, "बरं वाटलं गं," म्हणाली आणि गेली. तेवढ्यात मुख्याध्यापक तरातरा आले.

"हा काय प्रकार आहे? खाद्यपदार्थ कुठेत?"

"सर, गॅस नको म्हणाला होतात," मुलगी म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचंय का? रांगेतून यावं लागेल."

सरांनी रांगेकडे पाहिलं. मग ते खरंच रांगेत जाऊन उभे राहिले. नंबर आल्यावर काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, दोनदा शाळेच्या छपराकडे बोट दाखवलं आणि तीन मिनिटं संपल्यावर मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला घाई आहे का?"

आणि मग रांगेत मला माझ्या सासूबाई दिसल्या.

माझ्या हातातली सुरी तिथेच थांबली. लग्नाला बारा वर्षं झाली, या बाईंनी माझ्याबद्दल एक शब्द कधी वाकडा काढला नव्हता. साठवला होता की काय, देव जाणे. त्या बसल्या, तोंडाला पदर लावला आणि बोलत राहिल्या. मध्येच माझ्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

मी हात धुतले, पाच रुपये घेतले आणि रांगेत उभी राहिले.

"या, बसा," माझी मुलगी मला म्हणाली. "नाव नाही सांगितलं तरी चालेल."

"आजी काय म्हणाली?"

"दुसऱ्यांचं सांगता येत नाही. तुमचं बोला. वेळ सुरू झालाय."

मी म्हटलं, पाण्याची मोटर सारखी बिघडते. ती म्हणाली, "अरेरे. मग?" मी म्हटलं, मग काय, पहाटे उठून मलाच बघावं लागतं. "मग?" मग डबे, मग भाकऱ्या, मग सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते. तू जेवलीस का, असं या घरात मला कुणी विचारत नाही. हे मी कधी ठरवून बोलले नव्हते. मलाच माझा आवाज ओळखू येईना. मुलीने तांब्या पुढे केला आणि मैत्रीण म्हणाली, "वेळ संपला काकू."

सगळ्या मैदानात त्या बाकावर सर्वांत जास्त पैसे जमले. महिन्याभरात स्वच्छतागृहाला लोखंडी दार बसलं, आतून कडीसकट.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. पोरीला काय काय माहीत आहे याचा अंदाज नसल्यामुळे मी आणि सासूबाई एकमेकींशी भलत्याच गोड वागायला लागलो. मी त्यांना न मागता चहा देई, त्या माझ्या हातातली झाडणी काढून घेत. आठवड्याने माझ्या नवऱ्याने काळजीने विचारलं, "कुणाचे रिपोर्ट वगैरे आलेत का? मला सांगा, मी घाबरणार नाही."

एका दुपारी भाजी निवडताना सासूबाईंनीच विषय काढला.

"तू काय सांगितलंस गं तिला?"

"मोटरचं. तुम्ही, आई?"

"गुडघ्याचं."

थोडा वेळ आम्ही दोघी मेथी निवडत राहिलो.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मी जेवले होते. तरी नाही म्हणाले.