मार्गदर्शन : स्नेहलताताई

स्नेहलताताईंना वृंदाचा मत्सर वाटायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? चांगला खणखणीत मत्सर, सकाळच्या चहाबरोबर जागा होणारा.

सांगलीच्या शाळेत अठरा वर्षं इतिहास शिकवलेली बाई. २००८ साली नवरा उपेंद्र आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झाला आणि त्या मागोमाग आल्या. त्यांच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा लायब्ररीतलं इतिहास मंडळ सापडलं. दर गुरुवारी सात-आठ म्हातारी माणसं, चहा, बिस्किटं आणि जुने कागद. मॉरीन नावाची निवृत्त ग्रंथपाल सगळं बघायची.

तीन वर्षं ताईंनी तिथे मान मोडून वाचलं. इंग्रजांनी इथल्या जमिनी बळकावून आपली माणसं कशी वसवली, पुढे सतराव्या शतकात क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या काळात इथले गोरगरीब जहाजांत कोंबून वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांवर कसे धाडले, सगळं टिपून वह्या भरल्या. आणि मग आली वृंदा.

वृंदाचा नवरा त्याच इस्पितळात. वयाने ताईंहून पंधरा वर्षांनी लहान, पुण्यात कॉल सेंटरला होती, त्यामुळे इंग्रजीत तोंडाला खळ नाही. दुसऱ्याच गुरुवारी ती मॉरीनशी इथल्या लोकांसारखं उठसूट 'ग्रँड', 'ग्रँड' करत खिदळत होती. ताईंना तीन वर्षांत मॉरीनने कधी टाळी दिली नव्हती.

२०११च्या ऑगस्टात वारसा सप्ताहासाठी भाषण ठरलं, 'आयर्लंड ते बार्बाडोस'. आता तरी आपलं नाव पुढे येईल म्हणून ताई सरसावून बसल्या. मॉरीन अगदी मायेने म्हणाली, "अभ्यास तुझा दांडगा आहे गं, पण बोलायला वृंदाच हवी."

ताई हसल्या. घरी येऊन पोळपाट असा आपटला, की उपेंद्रने मुकाट्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"अभ्यास माझा आणि हार तिच्या गळ्यात."

"मग सांग ना मॉरीनला तसं."

"मी कशाला सांगू? तिला डोळे नाहीत? तुम्ही गप्प बसा."

भाषणाच्या आदल्या शनिवारी वृंदा लॅपटॉप घेऊन घरी आली. "ताई, एकदा नजर घाला ना. तुम्ही बघितलंत की मी निर्धास्त."

चौथ्या पानावर ताईंचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, मळ्यांवर आयरिश काय आणि आफ्रिकन काय, दोघेही सारखेच गुलाम. हे चूक होतं, शाळेत लाल शाईने खोडलं असतं असं चूक. आयरिश मजूर काही वर्षांच्या मुदतीवर राबायचा. कित्येक मेले, पण जगला तो सुटला. आफ्रिकेतून आणलेली बाई जन्माची गुलाम, तिच्या पोटचं पोरही गुलाम. वर काही आयरिश माणसं पुढे स्वतःच मळेवाले झाली. ताईंना वहीचं पानसुद्धा आठवत होतं. शब्द ओठांवर आले होते.

तेवढ्यात वृंदा म्हणाली, "मॉरीन म्हणते, माझ्यात हे उपजतच आहे."

झालं. ताईंनी लॅपटॉप मिटला. "छान जमलंय. काही बदलू नकोस." पडू दे हिला चारचौघांत तोंडावर, मग कळेल अभ्यास कोणाचा ते. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

भाषणाला साठेक माणसं जमली. वृंदा बोललीही फक्कड. शेवटी लॅपटॉपवरून भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं, 'मार्गदर्शन : स्नेहलताताई', आणि खाली तेच इंग्रजीत. आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर वडीलधाऱ्यांचं नाव न विचारता घालतात ना, तसं घातलं होतं पोरीने. "यातला शब्द न् शब्द यांनी तपासलाय," तिने सांगितलं. टाळ्या पडल्या. ताईंना चौथं पान आठवलं.

तिसऱ्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. मूळच्या बार्बाडोसच्या, इथे नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा आयरिश माणूस काही वर्षांनी सुटला, असं मी वाचलंय. माझ्या पणजीची आईही त्याच मळ्यांवर होती. दोघं सारखेच, तर तिची मुदत किती होती?"

वृंदा गोंधळली, पण घाबरली नाही. तिने विश्वासाने ताईंकडे बघितलं. "ताई सांगतील."

ताई उठल्या. या हॉलमध्ये, एवढ्या माणसांपुढे बोलायचं स्वप्न त्यांनी तीन वर्षं बघितलं होतं. इंग्रजी अडखळत होतं, पण सगळे ऐकत होते. "मुदत नव्हतीच. कायदा बदलेपर्यंत त्या आणि त्यांची मुलं मालकाचीच. आणि मालकांत आयरिशही होते." बाई तरीही उभ्याच होत्या. ताईंना खाली बसवेना. "चूक वृंदाची नाही. मी ती वाचली होती, आणि मुद्दाम बोलले नाही."

बाईंनी नुसती मान हलवली आणि त्या बसल्या. मॉरीन कपबश्यांकडे वळली.

वृंदा जवळ आली. हळू आवाजात, मराठीत तिने विचारलं, "म्हणजे शनिवारी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

वृंदा पर्स उचलून निघून गेली. लॅपटॉप तसाच चालू राहिला होता, आणि भिंतीवर ताईंचं नाव.