नळावरच्या विटा

आमच्या वस्तीत नळ एकच होता. सकाळी सहाला पाणी यायचं, सातला जायचं. रांगेत ताटकळायला नको म्हणून आदल्या दिवशीच आपली वीट नळाजवळ लावून ठेवायची पद्धत होती. विटेवर चुन्यानं खूण केलेली असे. ज्याची वीट पुढे, त्याचे दोन गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, आधी भरायचे. पद्धत सगळ्यांना न्यायाची वाटे. मलाही वाटायची.

मी तेव्हा संत्र्याच्या बाजारात माल निवडायला जायचे. सहाच्या आत घर सोडायचं, दिवे लागले की परत यायचं. आल्यावर वीट लावायची, तर पुढे तीसेक विटा लागलेल्या असत. नवरा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस इटारसीकडे. मग पाणी कोण भरणार? पाचवीतली पोरगी. तिचा नंबर लागेपर्यंत शाळेची प्रार्थना होऊन जाई. शेवटी बाईंनी निरोप धाडला की आता उशीर झाला तर नाव कमी करू.

माझी शाळा चौथीला सुटली ती विहिरीवरून पाणी आणण्यापायी. त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही. पण पोरीचंही तेच होऊ देणार नव्हते.

रविवारी विहारात सभा असायची. एक निवृत्त गुरुजी ती चालवत. त्यांची एक अट होती. उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि तो 'बरोबर' म्हणाला तरच पुढे बोलायचं. या अटीला कंटाळून पुष्कळ जण आपली भांडणं विहाराबाहेरच उरकत. मी मात्र उभी राहिले आणि सांगितलं की शाळेत जाणाऱ्या मुलींचे गुंड आधी भरू द्या.

उलट बोलायला नळवाली मावशी उठली. हा नळ वस्तीत तिनंच आणला होता, म्हणून ते नाव. घरात पाच सुना, आणि तिचा शब्द सहसा कोणी मोडत नसे.

"दीक्षा घेऊन काय शिकलो आपण?" ती म्हणाली. "सगळ्याइले एकच नियम. आज हिच्या पोरीले पुढं घाला, उद्या मी म्हणन माहे गुडघे दुखते, मले पुढं घाला. मंग रांग काहाले पाहिजे?"

माना डोलल्या. माझ्या तोंडात तिच्या सुनांवरून एक चांगला टोमणा तयार होता. गुरुजींनी हात वर केला. आधी मावशीचं म्हणणं सांगा, म्हणाले.

सुरुवात रागानंच केली. पण अर्धवट सांगितलं तर मावशी 'बरोबर' म्हणणार नाही, म्हणून नीट सांगावं लागलं.

"मावशीचं म्हणणं असं का नळ सगळ्याइचा हाय. कोणाची अडचण मोठी हे पाहत बसलं, तर जो जास्त बोलल त्यालेच पाणी भेटल. म्हणून नियम एकच, अन् सवलत कोणालेच नाही."

"बरोबर," मावशी म्हणाली. "माह्यापेक्षा चांगलं सांगतलं."

लोक हसले. मागून कोणी बाई म्हणाली, हे तर तिचीच वकील झाली वं. मी हसले नाही. मला तिचं म्हणणं पटलं होतं. पण 'नियम एकच' हे शब्द माझ्याच तोंडून ऐकल्यावर मला ती विटांची रांग दिसली. रोज संध्याकाळी मी तिच्या कडेनं जात होते, पण खुणा कधी वाचल्या नव्हत्या.

मी माझी मागणी मागे घेतली. म्हटलं, मावशीचाच नियम ठेवू. "फक्त एक सांगा. पहिल्या दहा विटा कोणाच्या हायत?"

माहीत सगळ्यांना होतं. सहा मावशीच्या घरच्या, एक तिची आणि पाच सुनांच्या. चार दुसऱ्या एका मोठ्या घरच्या. दोन चुली, दहा विटा.

मावशी संतापली. नळासाठी सहा महिने चपला झिजवल्या तेव्हा कोणी सोबत आलं होतं का, असं तिनं विचारलं. ते खरं होतं. गुरुजींनी सांगायच्या आधीच मी तिचं हे म्हणणंही बोलून दाखवलं आणि म्हटलं, तेवढ्यासाठी मावशीची एक वीट कायम पहिली ठेवू.

मावशीनं हातानंच मला थांबवलं.

"ते तं सवलत झाली," ती म्हणाली. "मले नको. एक चूल, एक वीट."

तिच्या सुनांसकट सगळ्यांचे हात वर गेले. जास्त पाणी लागणाऱ्यांनी शेवटी परत रांग लावावी, असंही ठरलं. सभा सुटल्यावर मावशीनं नळावर जाऊन आपल्या पाच विटा घमेल्यात घातल्या. जाता जाता मला म्हणाली, "जिंकली म्हणू नको वं. माहंच म्हणणं पास झालं."

"तुमचंच, मावशी," मी म्हटलं. खरंही तेच होतं. पण त्या संध्याकाळी मी घरी गेले ती मान ताठ करून.

बाकीच्या घरांच्याही जादा विटा निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरीचा नंबर अकरावा लागला. संध्याकाळी परतले तर ती फुगून बसलेली. एवढ्या लवकर पोचले की शाळेचं फाटकही उघडलं नव्हतं, म्हणाली. मी तिला म्हटलं, उद्यापासून फाटकाशी बसून पाढे म्हणत जा.