पांढरं कपाळ

नागपूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आईने खिडकीतून हात घालून माझा पदर सारखा केला. बाबा गाडीबरोबर चालत राहिले. दर रविवारी उपदेश करणारा माणूस, पण त्या सकाळी एवढंच म्हणाले, "भीती वाटली तर प्रार्थना कर. तरीही वाटली, तर तशीच जा." मी मान हलवली. खरं तर मला तिथेच उतरायचं होतं.

घरी राहिलेल्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्याच परगावी गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही मला ओळखता. इंग्रजी शाळेत पाठ म्हणायची पाळी आली की मी बाकाखाली पेन्सिल शोधायची. अशा मुलीला वाशीमला मिशनचं काम मिळालं: घरोघरी जाऊन बायकांना वाचायला शिकवायचं आणि प्रभूची गोष्ट सांगायची.

सकाळी मिशनच्या बंगल्यातून निघाले की समोरून येणाऱ्या बायका माझ्या कपाळाकडे बघून थबकायच्या, मी पुढे जाईपर्यंत तोंड फिरवून उभ्या राहायच्या. ख्रिस्ती म्हणून असेल, असं मी धरून चालले.

एकच दार उघडलं. गावाबाहेर गोदाबाई माळणीचा भाजीचा मळा होता. तिने मला वाटेवर पाहिलं आणि हाक मारली. "ये वं बाई, बस. तुह्या नशिबी आलं तेच माह्या सुनेच्या नशिबी आलं."

सून काशी. माझ्याच वयाची, नवरा नुकताच गेलेला. तेव्हा कळलं. एवढी वाढलेली मुलगी, कपाळाला कुंकू नाही. गावाने मला विधवा ठरवलं होतं.

मी तो समज तसाच राहू दिला. काशी कोणासमोर मान वर करत नसे, माझ्याजवळ मात्र सरकून बसायची. ओसरीवरच्या मातीत बोटाने अक्षरं काढायची. एकदा हळूच म्हणाली, "तुमाले झोप लागते का वं?" मी तिचं बोट धरून पुढचं अक्षर काढलं. खरं सांगावं तर गोदाबाई दार लावणार आणि काशी पुन्हा एकटी पडणार. न सांगावं तर प्रभूचं नाव कोणत्या तोंडाने घेऊ? मिशनच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढ्यात बोलू नकोस. आधी तिला वाचता येऊ दे." मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच जास्त भीती वाटली.

मग एका सकाळी काशीने विचारलं, "तुमी इतक्या हिंडता, सासरचे काई म्हनत नाई?"

गोदाबाई शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उठून उभी राहिले. पळता यावं म्हणूनच उठले असेन.

"मी विधवा नाही," मी म्हणाले. "माझं लग्नच झालेलं नाही. आम्ही ख्रिस्ती. कुंकू लावत नाही."

गोदाबाईच्या हातातली जुडी सुटली. "किरिस्ताव? आन माह्या वसरीत बसून राह्यली? सांगतलं काहून नाई?"

"भीत होते."

"कोनाले?"

"तुम्हाला."

"मले? अवं, मले तं माहा म्हातारा बी भेत नाई!" ती हसली, पण लगेच चेहरा आवळला. "उद्यापासून येऊ नको. भावकी थुंकन माह्या तोंडावर."

काशीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बिछान्यावर बसून राहिले. ट्रंक भरायचं मनात आलं. त्यानंतरच्या सकाळी प्रार्थना केली. भीती हलली नाही. तशीच गेले.

फाटकाशी पोचले तर गोदाबाई आतूनच ओरडली, "घरात नाई यायचं! बांधावर बस. कोनी इचारलं तं भाजी घ्याले आली म्हनीन मी."

बसले. जरा वेळाने काशी आली आणि पाण्याच्या पाटापलीकडे, पाठ अर्धी फिरवून टेकली. "मंग तुमच्यात माह्यासारखी असन," ती म्हणाली, "तिचं काय करता?"

मी आपल्या मावशीबद्दल सांगितलं: नवरा गेल्यावर ती शिकली, शाळेत शिकवते, आमच्या ख्रिस्ती देवळात पहिल्या बाकावर बसते. मग ज्या प्रभूने तिला उभं केलं त्याच्याबद्दल सांगितलं. मी इतकं हळू बोलत होते की काशीला पाटाजवळ सरकावं लागलं.

आई, तू पत्रात विचारतेस भीती गेली का. नाही. मळ्याच्या वाटेवर रोज एकदा परत फिरावंसं वाटतं, आणि भावकीतलं कोणी दिसलं की मी खरंच मेथी विकत घेते. घर म्हटलं की पूर्वी तुझा हात आणि सारखा केलेला पदर आठवायचा. अजूनही आठवतो. पण परवा मला उशीर झाला, तर पाटापलीकडून काशी म्हणाली, "आज इतका येळ काहून वं?" आणि मी इथल्याच बोलीत उत्तर दिलं.