हिजिकातांना एकदा फसवायचंय

वाकाना निशिझोनोला आयुष्यात एकाच माणसाला फसवायचं होतं, आणि तो समोर बसून कॉफीत साखर ढवळत होता.

क्योतोत तिचं लोणच्याचं दुकान. हात सलगमाला मीठ चोळायचे, डोकं मात्र कुठल्यातरी बंद खोलीत अडकलेलं. आत मुडदा, दाराला आतून अडसर, मग खुनी गेला कुठून? नवरा म्हणायचा, एक दिवस गिऱ्हाइकाला बरणीत पुरावा सापडेल. कॉलेजात असताना ती रहस्यकथा मंडळात शिरली, ती केस पिकले तरी बाहेर पडली नाही. मंडळाची रीत अशी की एकानं स्वतःची कथा वाचायची, सगळे धागेदोरे उघड मांडायचे आणि उकल सांगण्याआधी थांबायचं. खुनी कसा निसटला ते इतरांनी ओळखायचं. पुरावा लपवला तर लेखकाचीच छीथू. वाकानाची सगळी कोडी तिथल्या वडीलधाऱ्या हिजिकातांनी सोडवली होती, तीही कॉफी गार व्हायच्या आत. आता ते कायमचे मुलीकडे सप्पोरोला निघाले होते. आज नाही तर कधीच नाही.

डिसेंबरची दुपार होती. कॉफीच्या दुकानात सगळे स्टोव्हला खेटून बसले होते. वाकानाच्या कथेत जुलैतल्या गिओनच्या जत्रेच्या रात्री एक म्हातारा किमोनो व्यापारी आतल्या खोलीत मरून पडतो. खोलीला वाट एकच, सरकतं दार, आणि त्याच्या खाचेत आतून आडवी काठी. झोपताना दार ओढून घेतलं तरी म्हाताऱ्याच्या अंगावर झुळूक येत होती, हे वाक्य वाचताना तिनं मान वर केली नाही.

"झालं. आता सांगा," ती म्हणाली.

हिजिकाता म्हणाले, दार खाचेतून उचलून काढलं. चौकट फुगली होती, दार उचलतच नव्हतं, हे वाचल्याची आठवण तिनं करून दिली. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. कॉफीवर साय धरली.

"हरलो. सांग."

"जुलैत तुमच्या घरी कुठली दारं असतात, हिजिकातासान?"

जूनमध्ये उन्हाळा आला की कागदी दारं माळ्यावर जातात आणि बोरूच्या काड्यांची लागतात, हे तिथल्या प्रत्येकानं दरवर्षी स्वतःच्या हातानं केलेलं. खुन्यानं बाहेरून काड्यांच्या फटीतून दोरा ओवायचा, त्यावर टांगलेली काठी आत खाचेत उतरवायची, दोरा ओढून घ्यायचा. पण स्टोव्हपाशी शेकत बसलेल्या मंडळींनी म्हाताऱ्याच्या घराला आपापली हिवाळ्यातली दारं बसवली होती! एकच गलका झाला. वाकानाला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं.

आणि मग मनात पाल चुकचुकली.

"खरं सांगा. निरोपाची भेट म्हणून मुद्दाम हरलात ना?"

हिजिकातांचे कान लालबुंद झाले होते. "मुद्दाम? अगं, दरवर्षी ती दारं मीच बदलतो. असं कुणीतरी फसवावं म्हणून तर जन्मभर इथे येत राहिलो."

त्यांनी गार कॉफी बाजूला सारली आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणाले. तिनं वाचलं. झुळकीच्या वाक्याला त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि लहान मुलासारखे खदखदून हसले.

"परत वाच," ते म्हणाले. "तेवढंच वाक्य."