मध्यंतराआधी दिलेला शब्द

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघाल आणि ते मला खपत नाही. सगळ्या शेजाऱ्यांदेखत मी माझी नोकरी घालवायला निघाले होते. तीही रुजू व्हायच्या आधी!

आम्ही दहिवलीचे. बी.ए. झाल्यावर मी टायपिंग शिकले आणि खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात मला नोकरी मिळाली. घरात ही बातमी सगळ्यात आधी कळली ती आत्याला, आणि घोळ तिथेच सुरू झाला.

आत्या कडावला दिलेली. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर तिच्याकडे एकच उत्तर असतं. एक जुना हिंदी सिनेमा. नाव सांगत नाही, तुमच्याही घरात त्याचे भक्त असतील. तीन भाऊ, आजारी सासरे आणि सगळ्यांचं निमूटपणे करणारी थोरली सून. तंबूतला सिनेमा कडावला आला होता, तेव्हा आत्याने माहेरची माणसं बोलावून घेऊन तो दाखवला होता. मलाही नेलं होतं म्हणे. मी पहिल्या गाण्यालाच आईच्या मांडीवर झोपले.

तेव्हापासून आत्याचं एकच. भाकरी करपली, बघ त्या सिनेमातली सून. मोठ्याने हसले, बघ त्या सिनेमातली सून. मी अजून कुणाचीच सून नाही, हा मुद्दा तिला कधी पटलाच नाही. नोकरीचं कळल्यावर तर ती मुक्कामालाच आली. रोज ती त्या सुनेचे गुण गायची आणि रोज मी त्या सुनेचे वाभाडे काढायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, सुपारी कातरत दोघींचं ऐकत बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. आता बहिणीसमोर गप्प बसणारा बाप कुणाच्या बाजूचा असणार? मी समजायचं ते समजले.

आणि एका रविवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागणार असल्याचं कळलं. आमच्या आळीत टीव्ही एकच, किराणा दुकानवाल्या सलीमभाईंकडे. संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यात पुढे, शेजारी अण्णा. मी मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. त्या सुनेला एकदा नीट बघून तिचा निकाल लावायचा, एवढाच माझा हेतू होता.

पण झालं भलतंच. सून चांगली निघाली! सोसून सोसून एक दिवस तिने पदर खोचला, पत्र्याची ट्रंक उचलली, सासऱ्यांना तोंडावर सांगितलं की मी शहरात नर्स होणार, आणि उंबरा ओलांडला. तेवढ्यात मध्यंतर झालं, सिनेमा थांबून बातम्या लागल्या.

मी थांबले नाही. उठून उभी राहिले आणि म्हटलं, हीच ना तुमची आदर्श सून? मग ती नोकरी करते हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलं?

आत्या मागे वळली. "अगं, फुडं बघ तरी जरा..."

"तू गप्प बस, आत्या. सगळं अर्धवट सांगतेस."

कोण कोणाला म्हणत होतं बघा. मग मी अण्णांकडे वळले. म्हटलं, या घरात त्या सुनेसारखंच वागायचं ना? ठरलं. ती वागेल तशी मी वागणार.

अण्णांनी तोंडातली सुपारी गालात सारली. "म्हंजे ती जे करंल ते तू करणार?"

"अगदी तसंच. मग तुम्ही आडवं यायचं नाही."

"बघ हां. समदे ऐकतायत."

"ऐकू देत. शब्द दिला."

सगळी आळी माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. मला वाटलं, प्रभाव पडला. चहा देणाऱ्या अमिनाचाचीने तर माझ्या बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं. मला वाटलं, कौतुकाने ठेवलं. त्या खोलीतल्या प्रत्येकाने हा सिनेमा आधी पाहिलेला होता, हे माझ्या लक्षात यायला नको?

बातम्या संपल्या. सासऱ्यांचं दुखणं वाढलं. सुनेने नोकरी सोडली, ट्रंक उचलली, घरी आली आणि सासऱ्यांच्या पायांवर अशी कोसळली की अख्खी खोली रडायला लागली. रडून झाल्यावर सगळे डोळे पुसून माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, सिनेमा बघून कोणी घर चालवतं का?

"मी कवा चालवलं?" अण्णा म्हणाले. "मी नोकरीला नाय म्हनलो कवा, सांग."

मी आठवायला लागले. खरंच, कधी म्हटलं होतं?

"तू मला इचारलंसच कुठं? तू तर रोज सिनेमावरनं भांडत व्हतीस. मला वाटलं, तुला सिनेमाच आवडत नाय."

मग मी तिथल्या तिथे विचारलं. अण्णांनी मान डोलावलीही असती, पण आत्या उभी राहिली. तिच्या सिनेमाचा मामला होता. "शब्द म्हंजे शब्द. तिनं नोकरी सोडली. हिनं बी सोडायची."

एकही माणूस माझ्या बाजूने बोलेना. अण्णांनीच शेवटी विचारलं, "अक्का, तिनं आधी नोकरी धरली, का आधी सोडली?"

"हे काय इचारनं झालं? आधी धरली."

"मग हिला धरू दे की आधी. धरल्याबगर सोडंल काय?"

आत्याने बराच विचार केला. सिनेमाच्या बाहेर तर काही जात नव्हतं. शेवटी तिने परवानगी दिली, पण अण्णांच्या पाया पडायचं ते आत्ताच, आगाऊ, असं बजावलं. मी पडले. सगळ्या आळीसमोर पडले. आत्या म्हणाली, तशी नाही, त्या सुनेसारखी कोसळून पड. मी तशीही पडले.

खोपोलीच्या ऑफिसात सगळे समजतात, मी बी.ए. आणि टायपिंगच्या जोरावर लागले. खरं तर मी त्या सिनेमाच्या मध्यंतरावर लागलेय. आत्या महिन्याला येऊन विचारते, बातम्या संपल्या का गं? आणि सिनेमांचा तिटकारा असलेली मी, पदवीधर, तिला सांगते, नाही गं, अजून हवामान राहिलंय.